मोजणी जिन्यापाशीच थांबली : खडकीच्या जरीबेपासून आपल्या फ्लॅटपर्यंत

उस्मानपुरा, समर्थनगर, ज्योतीनगर, गारखेडा. या भागांत १९८०-९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बऱ्याच बिल्डिंगा आता पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्यात. स्लॅब गळतोय, कॉलमला भेगा पडल्यात, लिफ्ट नाही, पार्किंग नाही. मग रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू होतात आणि पहिल्याच मीटिंगमध्ये एक साधा प्रश्न निघतो : या जमिनीत माझा वाटा नेमका किती? खालचा दुकानवाला एक आकडा सांगतो, टेरेसवाला दुसरा, बिल्डरचा माणूस तिसरा. कुणीतरी म्हणतं, सिटी सर्व्हेतून पीआर कार्ड काढा, खरं-खोटं कळेल. कार्ड येतं. त्यावर प्लॉटचं क्षेत्र असतं, मूळ मालकाचं नाव असतं, तो वारला असेल तर वारसांची असतात. फ्लॅट नावाची वस्तू त्यावर सहसा सापडतच नाही.

लोक चिडतात, कार्यालयाला शिव्या घालतात. पण हा काही एखाद्या कारकुनाचा आळस नाही. आपल्याकडची मोजणी मुळात कशासाठी सुरू झाली, कुणी केली आणि कुठं थांबली, हे बघितलं की या कोऱ्या कार्डाचा उलगडा होतो. आणि गंमत म्हणजे या गोष्टीचा मोठा भाग आपल्याच शहरात घडलाय.

मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी वसवली. नहर, बाजार, वस्त्या या सगळ्याबरोबर त्याची जमीन-महसुलाची घडीही दख्खनमध्ये नावाजली गेली. पण मोजणीच्या बाबतीत आपल्या भागातलं मोठं नाव म्हणजे मुर्शिद कुली खान. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला, १६५३ चा सुमार, खडकीचं औरंगाबाद झालं, आणि हा माणूस त्याचा दिवाण होता. दुष्काळानं आणि लढायांनी उजाड झालेल्या मुलखात त्यानं उत्तरेतली तोडरमलाची पद्धत आणली. अमीन नेमले, जमिनी मोजायला लावल्या, पिकाऊ कोणती, खडकाळ कोणती, नाल्याची कोणती याची नोंद करायला लावली. त्याच्याबद्दल असं सांगतात की मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून जरीबेचं एक टोक तो कधीकधी स्वतःच्या हातात धरायचा. सुभ्याचा दिवाण उन्हात शेतात उभा राहून दोरी धरतोय, हे चित्र मला आवडतं. पण तो कशासाठी उभा होता हे विसरायचं नाही. साऱ्यासाठी. कुणाच्या घराची भिंत कुठं आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं.

पुढं इंग्रजांनी मुंबई इलाख्यात हेच काम साखळीनं केलं. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची पहिली मोजणी फसली. मग १८३६ च्या आसपास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली. त्यांची साखळी ३३ फुटांची. तिचे १६ भाग, एकेका भागाला आणा म्हणायचं. या साखळीचा चौरस, म्हणजे ३३ गुणिले ३३, झाले १०८९ चौरस फूट. हाच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आज शहरातला कुठलाही एजंट गुंठ्याचा भाव सांगतो, तेव्हा तो नकळत दोनशे वर्षांपूर्वीची ती लोखंडी साखळीच पसरत असतो.

मराठवाडा निजामाच्या राज्यात. पहिले सालारजंग दिवाण असताना १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली आणि त्यानंतर मुंबईच्या धर्तीवर इकडंही पैमाइश झाली. सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले, टिपण, गुणाकार, आकारबंद अशी कागदांची एक भाषा तयार झाली. टिपण म्हणजे शेताचा हातानं काढलेला आराखडा. मध्ये एक पायारेषा, तिच्यावर शंकूनं काटकोन धरून दोन्ही बाजूंना घेतलेली मापं. त्यावरून त्रिकोण-चौकोनांचं क्षेत्र काढायचं ते गुणाकार बुकात. काम इतकं नेटकं होतं की आजही हद्दीचा वाद लागला की भूकरमापक ईटीएस मशीन किंवा रोव्हर घेऊन येतो खरा, पण सोबत जुनं टिपण लागतंच. उपग्रहानं मोजलेला बिंदू शेवटी त्या पिवळ्या कागदाशी जुळवावा लागतो.

या सगळ्यात गाव कुठं होतं? गावठाण म्हणून एक गोल. त्याच्या आतली घरं साऱ्याला पात्र नव्हती, म्हणून शेतासारखी तपशिलात मोजली नाहीत.

घरांचं माप लोकांनी आपापलं ठेवलं होतं. जुन्या खरेदीखतात आणि वाटणीपत्रात घर खणांत मोजलेलं दिसतं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. 'पाच खणी दुमजली माडी' म्हटलं की बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कळायचं. भावाभावांत वाटणी झाली की खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा, जिना आणि आड सामाईक. म्हणजे एकावर एक मालकी आपल्याला नवी नाही. गुलमंडी, औरंगपुऱ्यातल्या जुन्या घरांत अशा वाटण्या निघतील. फरक इतकाच की त्या घरात राहणारे एकमेकांचे भाऊ होते आणि वाद झाला तर सोडवायला गल्लीतली चार वडीलधारी माणसं होती.

अशा सगळ्या कागदांत एक शब्द हमखास असायचा, तो आजही आहे : चतुःसीमा. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस गल्ली. आता तुमच्या फ्लॅटचं खरेदीखत काढून बघा. तिथंही चतुःसीमाच आहे. पूर्वेस फ्लॅट नंबर ४, पश्चिमेस मोकळी जागा. अहो, पण फ्लॅटला सीमा सहा असतात ना! वर कोण, खाली कोण? स्लॅब कुणाचा? वरच्याच्या बाथरूमचं पाणी खालच्याच्या छतातून टपकतं, तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहतो आणि खरेदीखत त्यावर गप्प बसतं. शेताच्या कागदाची भाषा आपण जशीच्या तशी तिसऱ्या मजल्यावर नेली.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. लगेच पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या आणि हक्कनोंदणीचं काम लागलं. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यात आजही कोर्टात हुकमाचा पत्ता समजतात, ते याच काळातलं. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मग महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्यात गाव-शहरांतल्या घरजागा मोजून त्यांना क्रमांक द्यायची आणि मालकाला सनद द्यायची तरतूद आहे. नगर भूमापन, आपला सिटी सर्व्हे, तो हाच. शेताला सातबारा, घरजागेला मिळकत पत्रिका. गोलाच्या आतली घरं अखेर मोजली गेली. पण कशी? जागा मोजली. त्या जागेवर एक मजला आहे की सात, हे पत्रिकेला माहीत नाही. मोजणीदार वाड्याच्या, बिल्डिंगच्या दारापर्यंत आला आणि जिन्यापाशी थांबला.

आणि शहराच्या कडेला तर सिटी सर्व्हेसुद्धा पोचलेला नाही. सातारा-देवळाईत चार-पाच मजली बिल्डिंगांचे पत्ते आजही गट नंबरात सांगितले जातात. गुंठेवारीचं तर बोलायलाच नको. शेतमालकानं शेत पाडलं, दोरी धरून वीस बाय तीसचे तुकडे केले, शंभराच्या बाँडवर विकले. कंपन्यांत कामाला आलेल्या माणसाला दुसरं परवडत नव्हतं. २००१ मध्ये गुंठेवारी कायदा आला, २०२१ च्या दुरुस्तीनं मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत पुढं आणली. शहरात अशा वसाहती शंभरावर आहेत. तिथं जागेचीच मोजणी नीट झालेली नाही, तर वरच्या मजल्याची कोण करणार.

आता फ्लॅटकडे येऊ. मुंबईत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ पासून आहेत. गावदेवीची सारस्वत सोसायटी त्यातली पहिली. तिथं जमीन आणि इमारत संस्थेची, सभासदाकडे शेअर सर्टिफिकेट आणि राहण्याचा हक्क. पुढं बिल्डर आले, फसवणूक वाढली, म्हणून १९६३ चा मोफा कायदा झाला. मंजूर नकाशा दाखवा, चटई क्षेत्र सांगा, संस्था स्थापन करून जमीन तिच्या नावे करून द्या. पण फ्लॅट स्वतः एक स्वतंत्र, वारशानं जाणारी, गहाण टाकता येणारी स्थावर मिळकत आहे, असं म्हणणारा कायदा देशात पहिल्यांदा केला तो महाराष्ट्रानंच : महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७०.

कल्पना बाहेरची. प्वेर्तो रिकोनं १९५८ मध्ये असा कायदा केला, तिथून तो अमेरिकेत गेला आणि दहा-बारा वर्षांत सगळ्या राज्यांत पसरला. 'काँडोमिनियम' हा शब्द आपल्या कायद्यात तिकडूनच आलाय. लॅटिन आहे, अर्थ सरळ : एकत्र मालकी. तुमचा फ्लॅट तुमचा एकट्याचा, आणि जमीन, जिना, गच्ची, पाया यांत तुमचा न विभागलेला टक्का. बिल्डरनं 'डिक्लेरेशन' नोंदवायचं, त्यात प्रत्येक फ्लॅटचा टक्का लिहायचा, मग प्रत्येकाला 'डीड ऑफ अपार्टमेंट' करून द्यायचं. आपल्या शहरात लोक 'आमची सोसायटी' म्हणतात, पण कागद काढले तर पुष्कळदा ते अपार्टमेंट निघतं.

या कायद्याचं कलम १३ मी सगळ्यांनी वाचावं असं म्हणेन. डिक्लेरेशनबरोबर मजल्यांचे नकाशे जोडायचे. त्यात प्रत्येक फ्लॅटचा क्रमांक, जागा, मांडणी आणि मापं हवीत. त्यावर आर्किटेक्टनं लिहून द्यायचं की ही महापालिकेनं मंजूर केलेल्या नकाशाची अचूक प्रत आहे. इथपर्यंत ठीक. पण पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. मंजूर नकाशाची प्रत म्हणजे प्रत्यक्ष बांधलेली इमारत नव्हे, हे कायदा करणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी असंही घातलं की नकाशे प्रत्यक्ष बांधकामाशी पूर्णपणे जुळतात असा दाखला आधी दिला नसेल, तर पहिला फ्लॅट हस्तांतरित होण्याआधी डिक्लेरेशनमध्ये दुरुस्ती करून तसा दाखला जोडायचा. थोडक्यात, कुणीतरी टेप घेऊन प्रत्येक फ्लॅटमध्ये जायचं आणि 'जसं बांधलं तसं' मापायचं. जिना चढायची अट १९७० मध्येच घातली गेली होती.

मग झालं काय? आपल्या डिक्लेरेशनांना बऱ्याचदा मंजूर नकाशाची झेरॉक्स जोडलेली दिसते, त्यावर शिक्का आणि सही. नकाशात बाल्कनी आहे, प्रत्यक्षात ती खोलीत घेतलेली. नकाशात स्टिल्ट मोकळा, प्रत्यक्षात तिथं दुकान किंवा गोडाऊन. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मापं तपासायला जागेवर जात नाही, ते त्याचं कामच नाही. भूमि अभिलेखकडे हा नकाशा जात नाही. महापालिकेच्या मालमत्ता कर विभागाचा माणूस येऊन वेगळं माप घेतो. कर्ज काढलं तर बँकेचा व्हॅल्युअर चौथं. एकाच दोन खोल्यांची चार क्षेत्रफळं, चारही सही-शिक्क्याची! त्यात बिल्डरचं 'सुपर बिल्टअप' धरलं तर पाच.

याच विषयात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं १९६१ मध्ये वेगळा रस्ता धरला. तिथं 'स्ट्रॅटा प्लॅन' असतो, आणि तो नोंदणीकृत भूमापकानं करायचा. मजल्यावर जाऊन, भिंती, फरशी, छत या सीमा ठरवून. तो प्लॅन थेट जमिनीच्या हक्कनोंदणीत लागतो आणि प्रत्येक फ्लॅटचा स्वतंत्र हक्कपत्रक निघतो. सिंगापूरनं १९६७ मध्ये तोच नमुना घेतला. म्हणजे तिकडं जमीन मोजणारं खातंच जिना चढलं. आपण दाखल्याचं काम आर्किटेक्टवर सोपवलं, नोंद निबंधकाकडे ठेवली आणि मोजणी खातं खालीच राहू दिलं. तीन टेबलं, एकमेकांशी न बोलणारी. माझ्या मते १९७० च्या कायद्यातली खरी उणीव हीच. कल्पना चांगली घेतली, तिला मोजणीचे पाय दिले नाहीत.

यात एवढं काय बिघडलं, असं वाटेल. चाळीस वर्षं लोक राहिले ना! राहिले, कारण टक्क्याचा प्रश्न तोपर्यंत निघालाच नव्हता. कलम ६ बघा. सामाईक जागेतला तुमचा टक्का डिक्लेरेशनमध्ये लिहिला तो, आणि मूळ कायद्यानुसार तो कायमचा. बदलायचा तर सगळ्या फ्लॅटमालकांची संमती हवी. टक्का काढायचा होता फ्लॅटच्या किमतीवरून. व्यवहारात कुणी क्षेत्रफळावरून काढला, कुणी सरसकट समान टाकला. आता तळमजल्यावरचं दुकान नकाशात छोटं आणि जागेवर मोठं असेल, किंवा दोन फ्लॅट एकत्र करून एकच नंबर लिहिला असेल, तर ती चूक दगडावर कोरल्यासारखी झाली. देखभालीचा खर्च त्या टक्क्यावर, संघटनेच्या सभेतलं मत त्या टक्क्यावर, आणि इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली की जमिनीतला वाटाही त्याच टक्क्यावर. सगळ्यांची संमती म्हणजे ज्याला चुकीचा फायदा होतोय त्याचीही सही आली. तो कशाला देईल?

पार्किंगचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. बिल्डरांनी स्टिल्टमधल्या जागा वेगळ्या पैशांत विकल्या. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नहालचंद प्रकरणात सांगितलं की स्टिल्ट पार्किंग म्हणजे स्वतंत्र फ्लॅट नव्हे, ते सामाईक, बिल्डरला विकता येणार नाही. त्या एका प्रश्नासाठी दहिसरच्या सोसायटीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं.

आपल्याकडं दुसरी वेळ आली ती रस्ता रुंदीकरणाची. जून २०२५ मध्ये मुकुंदवाडीत पाडापाडी झाली ती सगळ्यांनी पाहिली. मार्किंगची लाल रेघ प्लॉटच्या पुढच्या भागातून जाते. स्वतंत्र घर असेल तर कागद त्या एका मालकानं दाखवायचा. पण अपार्टमेंट असेल तर गेलेली जागा सगळ्यांची, न विभागलेली, आणि मोबदला असो की टीडीआर, त्यात कुणाचा किती, याचं उत्तर पुन्हा त्या जुन्या डिक्लेरेशनमध्ये शोधायचं. ज्यांच्या बिल्डिंगचं डिक्लेरेशन झालंच नाही आणि जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे, त्यांनी तर काय दाखवायचं? २००८ च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरणाची सोय केली आहे, पण तिथंही पहिला अडथळा मोजणीचाच येतो. लेआउटमध्ये चार बिल्डिंगा असतील तर कुठल्या बिल्डिंगची जमीन किती, हे ठरवणारा नकाशा हवा.

२०१७ पासून रेरानं एक काम बरं केलं. चटई क्षेत्राची व्याख्या एकच केली : बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, टेरेस वगळून आतलं वापराचं क्षेत्र, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरून. करारात लिहिल्यापेक्षा फरक तीन टक्क्यांच्या आतच चालतो, त्याहून कमी भरलं तर बिल्डरनं पैसे परत द्यायचे. पण हे नव्या प्रकल्पांना. १९८७ च्या किंवा १९९४ च्या बिल्डिंगला याचा उपयोग नाही.

गेल्या काही वर्षांत सरकारनं 'व्हर्टिकल प्रॉपर्टी कार्ड'ची घोषणा केली आहे, म्हणजे प्रत्येक फ्लॅटधारकाच्या नावानं मिळकत पत्रिका. कल्पनेचं स्वागत. पण ही पत्रिका कशावरून भरणार, हा माझा प्रश्न आहे. डिक्लेरेशनमधली झेरॉक्स आणि निबंधकाकडची यादी उचलून संगणकात टाकली, तर चाळीस वर्षांच्या चुका सरकारी शिक्क्यानं पक्क्या होतील. आज त्या चुका निदान कपाटात आहेत. उद्या त्यावर क्यूआर कोड येईल. खरं काम करायचं असेल तर भूकरमापकानं फ्लॅटमध्ये जावं लागेल, लेझर टेपनं मापं घ्यावी लागतील, वर-खालच्या सीमा लिहाव्या लागतील, आणि मंजूर नकाशापेक्षा वेगळं सापडलं तर ते पत्रिकेवर कसं दाखवायचं याचा नियम आधी करावा लागेल. बंद केलेल्या बाल्कन्या मोजायला कुणी आलं तर दार कोण उघडेल, हा भाग निराळा.

तोपर्यंत एक करता येण्यासारखं आहे. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून तुमच्या बिल्डिंगच्या डिक्लेरेशनची, सोबतच्या नकाशांसकट, प्रमाणित प्रत काढा. दस्त क्रमांक तुमच्या डीड ऑफ अपार्टमेंटमध्ये मिळेल. सगळ्या फ्लॅटच्या टक्क्यांची बेरीज शंभर होते का बघा. मग नकाशातली मापं घेऊन आपल्याच घरात टेप लावा, आणि शेवटच्या पानावरचा आर्किटेक्टचा दाखला वाचा : 'मंजूर नकाशाप्रमाणे' लिहिलंय की 'प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे'. हे सगळं रिडेव्हलपमेंटवाला बिल्डर दारात यायच्या आधी करा. तो आला की पहिल्यांदा हेच कागद बघतो.